तिसऱ्या तक्त्याची बेरीज

धुळे
३ मार्च १९९५

सुगंधा,

वर आधी ‘प्रिय’ लिहिलं होतं. ते खोडलं. खोडलेला कागद तुला पाठवायची लाज वाटली म्हणून हा दुसरा घेतला. नुसतं नाव बरं.

मी जळगाव सोडलं आहे. इथे सुंदरबाई मावशीकडे राहतो आणि तिच्या मुलाच्या, झुलालच्या, सायकलच्या दुकानात बसतो. का सोडलं ते सांगतो.

तुझ्या लतावहिनी सोमवारी छापखान्यात आल्या होत्या. मी अक्षरांचे खिळे जुळवत होतो. त्या दारातच उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “लोटनभाऊ, तुमचं ते विलायती मासिक मला एकदा दाखवा बरं. आमच्या सुगंधाचं त्याच्यापायी काय झालं ते ठाऊक आहे का तुम्हाला?” मग त्यांनी सांगितलं ते असं. चुकत असेल तर कळव. शुक्रवारी तुझी मुलाखत होती, कायमच्या जागेची. भंगाळे सर तज्ज्ञ म्हणून बसले होते. तू अर्जाला केळीच्या करपा रोगावरचा छापील लेख जोडला होतास आणि सोबत इंग्लंडच्या परीक्षकाचा अभिप्राय. सरांनी तो अभिप्राय सगळ्यांसमोर मोठ्याने वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, “बाई, या इंग्लंडच्या माणसाला कसं कळलं, की तिसऱ्या मळ्यात जाताना तुम्ही चपला हातात घेता?” एक जण हसून म्हणाला, “परीक्षक घरचेच दिसतात.” आता कॉलेजने पत्र दिलंय, की हा अभिप्राय तुम्हीच लिहिल्याचा संशय आहे. एक एप्रिलपर्यंत खुलासा करा, नाहीतर विद्यापीठाला कळवून पीएच.डी.ची नोंदणी रद्द करायला सांगू.

वहिनी गेल्या आणि माझं डोकं फिरलं. रुपचंदशेठ टेबलापाशी लग्नपत्रिकेचं प्रूफ बघत होते. मी म्हटलं, तुमच्या मासिकाने एका मुलीचं वाटोळं केलं. ते मान वर न करता म्हणाले, “मासिक कुणाचं, लोटन? माझं की तुझं? मला तर इंग्रजी वाचता येत नाही.” मी इंग्रजी खिळ्यांच्या दोन्ही केसी, खणांच्या त्या पेट्या, उचलून उलट्या केल्या. चार वर्षं रोज हात घालून ज्यांचे खण पाठ झाले होते, ते सगळे खिळे फरशीवर एकात एक. शेठ ओरडले नाहीत. नुसते म्हणाले, “पाडायला मिनिट लागलं. आता निवडत बस.” मी बसलो नाही. बसस्टँडवर गेलो आणि धुळ्याची गाडी धरली.

सुगंधा, ते मासिक खोटं आहे. ‘युनिव्हर्सल ॲनल्स ऑफ सायंटिफिक थॉट’ म्हणून जगात काही नाही. ते मेन रोडच्या मागच्या गल्लीत, पायाने चालवायच्या ट्रेडल मशीनवर, लग्नपत्रिकांच्या हंगामातून वेळ उरला तर निघतं. तुला पुढे उपयोगी पडेल म्हणून लिहितो. अशा मासिकाच्या पाठीमागे संपादक मंडळाची बारा नावं असतात, पण पत्ता एकाचाच असतो. त्या बारा जणांना एकेक कार्ड टाकून विचारावं, बाबा रे, तू आहेस का? आमच्यातले नऊ जण नाहीतच आणि तिघांना आपण आहोत हे माहीत नाही. मुखपृष्ठावर ‘खंड चौदावा’ असतं; मग आधीचे तेरा कुठल्या ग्रंथालयात आहेत ते शोधावं. आधी शुल्क मागतात आणि मग लेख मागतात. वनस्पतिशास्त्र, इतिहास, व्यापार, सगळं एका अंकात घेतात. आठ दिवसांत स्वीकृती येते. एवढ्या वेळात तर नीट वाचूनही होत नाही, हे तुला मी सांगायला नको.

मी यातला फक्त जुळारी. शेठ देतील ते जुळवायचं. हे तू समजून घेशील असं वाटतं.

लोटन


धुळे
९ मार्च १९९५

सुगंधा,

तुझं उत्तर नाही. मीही त्या पत्राला उत्तर दिलं नसतं. ‘फक्त जुळारी’ असं लिहून मी पाकीट चिकटवलं आणि पेटीत टाकलं. सहा दिवस झाले. दुकानात पंक्चर काढतो, ट्यूब पाण्यात बुडवतो, बुडबुडे येतात तिथे खूण करतो. मावशी म्हणते, “लोटन, तुन्हं बठ्ठं ध्यान त्या कागदमा शे. भाकर थंडी व्हई गई.”

तो अभिप्राय मी लिहिला.

बघ, एवढंच वाक्य होतं.

त्या मासिकाच्या सगळ्या लेखांचे अभिप्राय मीच लिहायचो. शेठना इंग्रजी येत नाही आणि मी एस. वाय. बी.एस्सी.पर्यंतचा, म्हणून त्यांनी मला ठेवलं होतं. प्राध्यापकांना बढतीला छापील लेख लागतो, आणि लेखासोबत परीक्षकाचं पत्र असलं की काम होतं, हे शेठना कुणीतरी सांगितलं. मग मी कधी इंग्लंडचा व्हायचो, कधी कॅनडाचा. बिलं ज्या टाइपरायटरवर व्हायची त्याच्यावरच अभिप्राय. ‘उत्तम, मौलिक, नवी दिशा देणारं.’ तीन ओळी. लेख मी वाचत नसे. खरं तर मला हसू यायचं, सुगंधा. ज्या मुलाला प्रॅक्टिकलच्या सरांनी एकच आकृती तिसऱ्यांदा काढायला सांगितली म्हणून त्याने जर्नल फाडून त्यांच्या टेबलावर टाकलं आणि कॉलेज सोडलं, तो आता प्राध्यापकांना पास करत होता. मला वाटायचं, फिटंफाट झाली.

तुझ्या लेखाचं मात्र तसं नव्हतं.

जून ९३ आठव. नागपूरच्या त्या जुन्या परिषदेच्या नियतकालिकाकडून तुझा लेख परत आला. सोबत सहा पानं भरून सूचना. एका हंगामावरून काही म्हणता येत नाही, आणखी एक हंगाम मोजा. औषध न फवारलेला एक तुकडा ठेवा. पान कुठून मोजायला सुरुवात केली ते लिहा. तू पिंप्राळ्याच्या घरी ओट्यावर बसली होतीस. रडलीस, टाइप केलेली प्रत कचऱ्याच्या टोपलीत टाकलीस. मला असं झालं, की नागपूरला जाऊन त्या माणसाच्या कानाखाली द्यावी. पण दुसऱ्या दिवशी आलो तर तू ती सहा पानं मांडीवर घेऊन पेन्सिलने खुणा करत होतीस, आणि तुझा चेहरा कसा होता सांगू? मी तुझ्यासाठी एवढं सगळं करून तो चेहरा मला कधी दिसला नव्हता. म्हणालीस, “लोटन, यांनी माझं अक्षर न् अक्षर वाचलंय रे. असं कुणीच वाचलं नव्हतं.”

त्यानंतर चार महिने तुझ्या तोंडी तेच. परीक्षक असं म्हणतात, परीक्षक तसं म्हणतात. ना नाव, ना गाव, ना तोंड. आणि मी त्या माणसावर जळत होतो. कुणाला सांगायची सोय नाही, कारण सांगितलं तर लोक हसतील. प्रेमात माणूस दुसऱ्या पोरावर जळतो, मी सहा पानांवर जळलो.

टोपलीतली प्रत मी उचलून नेली होती. ती तुला न विचारता जुळवली. शेठ म्हणाले, शुल्क? मी म्हटलं, पगारातून घ्या. अकरा पानं, तीन तक्ते. दिवसा लग्नपत्रिका, दुपारच्या सुट्टीत तू. तिसरा तक्ता जुळवायला दोन दिवस लागले. एकेक आकडा चिमटीत धरून बसवला. आणि मग अभिप्राय लिहायला बसलो तेव्हा ‘उत्तम, मौलिक’ लिहवेना. त्या नागपूरवाल्याने अक्षर न् अक्षर वाचलं असेल, मी अक्षर न् अक्षर उचललं होतं. मी तुझ्या आबांच्या मळ्यात होतो. तू एसटीने यायचीस, मी मागून छापखान्याच्या एम-एटी मोपेडवर मोजपट्टी आणि खोकी घेऊन. पाटाला पाणी असलं की तू चपला हातात घ्यायचीस. ओल्या हाताने पानाला हात लावायची नाहीस, आधी ओढणीला पुसायचीस. खालचं वाळकं पानही वाकून मोजायचीस, सोडायची नाहीस. ते सगळं मी लिहिलं. दीड पान. शेवटी लिहिलं, अशा हातांनी मोजलेल्या आकड्यांवर मी विश्वास ठेवतो. खाली इंग्लंडच्या एका प्रोफेसरचं नाव.

मला वाटलं, इंग्रजीत लिहिलं की ओळखू येणार नाही.

दिवाळीत तुला अंक आणि ते पत्र आणून दिलं, लेख मीच विलायतेला पाठवला होता असं म्हटलं, तेव्हा तू आधी चिडलीस. “मला न विचारता?” आणि ते बरोबरच होतं. मग तू अभिप्राय वाचलास. एकदा, मग परत एकदा. चपलांच्या वाक्यावर थांबलीस, मला दिसलं. मला विचारलंस, “पाटाचं मी लेखात लिहिलं होतं का रे?” मी म्हटलं, असेल. तू टाकलेल्या प्रतीत होतं की नव्हतं ते तुला आठवत नव्हतं. म्हणालीस, “कोण असतील हे?”

तेव्हा सांगायला हवं होतं. दिवाळीचा दिवस होता, लतावहिनी फराळाचं ताट घेऊन आल्या, आणि तू हसत होतीस. मी चकली खाल्ली.

पहिल्या पत्रात मी तुला खोटं मासिक कसं ओळखायचं ते शिकवलं. सगळ्यात मोठी खूण लिहिली नाही, कारण ती माझ्यावरच येत होती. ज्या अभिप्रायात नुसतं कौतुक आहे आणि एकही चूक दाखवलेली नाही, तो परीक्षकाने लिहिलेला नसतो. एक तर लेख न वाचलेल्याने लिहिलेला असतो, नाहीतर माझ्यासारख्याने.

लोटन


धुळे
१९ मार्च १९९५

सुगंधा,

तुझं कार्ड मिळालं. चार ओळींचं. पहिली ओळ, पत्रं पाठवू नकोस. ती मोडून हे लिहितो, कारण पुढच्या तीन ओळींत तू प्रश्न विचारला आहेस.

तुझं म्हणणं कळलं. मार्च ९४ मध्ये दुसऱ्या हंगामाचे आकडे घालून तू लेख नव्याने लिहिलास आणि नागपूरला पाठवायला माझ्याकडे दिलास. सोबतच्या पत्रात तू त्यांना आपणहून कळवलं होतंस, की याचा जुना मसुदा अमुक मासिकात छापून आला आहे, ते मासिक कसलं आहे याची मला खात्री नाही, आपण सल्ला द्यावा. म्हणजे तू काही लपवलं नव्हतंस. तेच पत्र तुझा खुलासा. वर्ष झालं, नागपूरचं उत्तर नाही. पहिल्या वेळीही उशीर झाला होता म्हणून तू वाट पाहिलीस, आणि हाती दुसरा छापील लेख नसल्याने तोच अर्जाला जोडलास. आता तू त्यांना विचारलंस तर ते लिहितात, आमच्याकडे असं काहीच आलेलं नाही. म्हणून तुला रजिस्टरची पावती हवी आहे.

पावती शोधतो. जळगावच्या खोलीवर सामान तसंच आहे, पुस्तकांत कुठेतरी असेल. पोस्टातही चौकशी करता येते म्हणतात. काळजी करू नकोस.

लोटन


धुळे
२३ मार्च १९९५

सुगंधा,

पावती नाही. कधीच नव्हती.

चार दिवस मी कसे काढले ते लिहीत नाही, तुझ्या एका वर्षापुढे त्याचं काय. झुलालने काल विचारलं, “भाऊ, तुले कोणी मारं का?” मी म्हटलं नाही. तो म्हणाला, “मंग असा का बठस?”

तू लिफाफा दिलास तो दिवस मला आठवतो. आबा गावाहून केळीचे दोन घड घेऊन आले होते, तुला घाई होती. लिफाफा लाखेने बंद केलेला, वर तुझं गोल अक्षर, तिकिटं लावलेली. म्हणालीस, “स्टेशनजवळच्या पोस्टात रजिस्टर करशील? आणि पावती जपून ठेव.” आणि मग, दारात, सहज, आत काय आहे ते सांगितलंस. ते मासिकाबद्दलचं पत्र. म्हणालीस, “मला तो अंक जरा खटकतो रे. बघू, नागपूरवाले काय म्हणतात.”

मी एम-एटी सुरू केली. स्टेशनपर्यंत गेलो. पोस्टाच्या रांगेत उभा राहिलो, माझ्यापुढे दोन माणसं होती. आणि मी हिशेब केला. नागपूरवाले ते पत्र वाचणार. ते मासिक मागवणार. त्याच्यावरचा लंडनचा पत्ता खोटा, मंडळ खोटं, हे त्यांना अर्ध्या तासात कळणार. मग ते तुला लिहिणार, आणि तू त्या दीड पानाकडे नव्याने बघणार. पाट, चपला, ओढणी. तुला कळणार कोण ते.

मला तुझी बदनामी होईल अशी भीती वाटली नाही, सुगंधा. ते मी स्वतःला पुढे सांगितलं, पण रांगेत उभा असताना मला फक्त माझी भीती वाटली. मी रांगेतून बाहेर पडलो.

तुला म्हटलं, टाकला. तू पावती मागितलीस तेव्हा म्हटलं, देतो. दोनदा. तिसऱ्यांदा तू मागितली नाहीस. तू विश्वास ठेवलास.

फाडून टाकावा असं अनेकदा वाटलं. हात लागला नाही. उघडावा असंही वाटलं, तेही केलं नाही. लिफाफा माझ्या ट्रंकेत तळाशी, वर्तमानपत्राखाली आहे. ट्रंक इथेच आहे; त्या दिवशी बसस्टँडवर जाण्याआधी खोलीवरून उचलून आणली होती. जळगावच्या खोलीवर सामान आहे हे मागच्या पत्रात लिहिलं तेही खोटं.

तू ज्या मासिकाला ओळखलं होतंस, ज्याच्याबद्दल तू योग्य माणसांना योग्य वेळी विचारलंही होतंस, त्याच्या जाळ्यात तू अडकलीस, कारण विचारायला लिहिलेलं पत्र त्याच मासिकाच्या माणसाच्या हातात दिलंस. यात तुझी एकच चूक, माझ्याकडे दिलंस.

परवा प्रिन्सिपॉलना तार केली, की मी येऊन जबानी देतो. तीस तारखेला या, असं त्यांचं उत्तर आज आलं. तुझं नाव माझ्या नावाशी जोडलं जाईल असं एक अक्षर मी तिथे बोलणार नाही. ते कसं करायचं ते अजून कळलेलं नाही, कारण चपलांचं मला कसं माहीत हे विचारणारच.

तू येऊ नकोस. यायची नाहीसच, पण लिहितो.

लोटन


धुळे
३१ मार्च १९९५

सुगंधा,

काल जे झालं ते जसंच्या तसं लिहितो. कमी-जास्त करायची सवय मोडायची आहे.

प्रिन्सिपॉलांच्या खोलीबाहेर बाकावर आबा बसले होते. टोपी मांडीवर. मी पाया पडायला वाकलो तर पाय आत घेतले. म्हणाले, “तूच का रे तो विलायतचा साहेब?”

मी म्हटलं, हो आबा.

“माह्या मळ्यात पाट आहे, हे त्या साहेबाले बराबर माहीत.” शिपाई पाणी घेऊन आला, ते आधी तू घे, अशी त्यांनी मला खूण केली. मी पेला तसाच बाकावर ठेवला.

आत प्रिन्सिपॉल, भंगाळे सर आणि लिहून घेणारे एक क्लार्क. मी उभ्यानेच सांगितलं. मासिक कुठे छापतात, मंडळ कसं केलं, अभिप्राय कोण लिहितो. तुझा लेख तू दिला नव्हतास, मी टोपलीतून उचलला. तुझं नागपूरचं पत्र मी अडवलं. भंगाळे सर ऐकत होते. प्रिन्सिपॉल म्हणाले, “चपलांचं तुम्हाला कसं माहीत?”

मी म्हटलं, मळ्यात मोजपट्टी धरायला मी होतो. बाईंच्या वडिलांनी ठेवलं होतं.

क्लार्कने दारातून आबांना विचारलं. आबा जागेवरूनच म्हणाले, “ठेवला होता. मजुरीनं. माणूस कामाचा होता, डोक्याचा नव्हता.” मजुरी कधी दिली नव्हती, तुला माहीत आहे. आबा तुझ्यासाठी खोटं बोलले. त्यांच्या वयाच्या माणसाला माझ्यामुळे बोलावं लागलं, हेही माझ्याच खात्यावर.

मग भंगाळे सर पहिल्यांदा बोलले. “असं का लिहिलंत तुम्ही? नेहमीच्या तीन ओळी लिहून भागलं असतं.”

मी म्हटलं, मला परीक्षक व्हायचं होतं.

क्लार्कने ते लिहून घेतलं. त्यात खोटं काही नाही.

सर म्हणाले, “किती वेळा वाचला तुम्ही तो लेख?”

“अकरा वेळा.”

“आणि एकही चूक दिसली नाही?”

मी म्हटलं, नाही सर. हे मात्र खोटं होतं. त्या खोलीत ते मला बोलायचं नव्हतं. तुझ्याआधी ते दुसऱ्या कुणाला कळावं असं वाटलं नाही.

लिफाफा मी टेबलावर ठेवला. प्रिन्सिपॉलांनी कागद कापायची सुरी उचलली. मी हात आडवा धरला. म्हटलं, साहेब, मला शिक्षा करा, पण हा त्यांचा आहे. त्यांनीच उघडावा. आवाज चढला असावा, कारण बाहेर आबा उठून उभे राहिले. भंगाळे सरांनी लिफाफा हातात घेऊन उलटसुलट पाहिला, लाख फुटलेली नाही हे पाहिलं, आणि पाठीमागे जोडावर तारीख घालून सही केली. म्हणाले, “बरोबर आहे. त्यांनाच द्या. आतल्या पत्राची नक्कल त्यांनी आम्हाला दिली तर प्रश्न मिटला.” अभिप्राय तू लिहिलास हा आरोप मागे घेतल्याचं पत्र तुला कॉलेज पाठवणार आहे. ती जागा मात्र तुला मिळणार नाही, ती दुसऱ्याला दिली गेली. जूनमध्ये पुन्हा जाहिरात निघेल, तेव्हा तो छापील लेख न जोडता अर्ज करा, असा सरांचा निरोप आहे. मासिकाचं विद्यापीठाला कळवणार आहेत. माझ्या जबानीवर माझी सही आहे. पोलीस आले तर येवोत.

बाहेर आल्यावर मी लिफाफा आबांपुढे धरला. त्यांनी घेतला नाही.

“पोस्टानं पाठव,” ते म्हणाले. “तिनं तुले पोस्टातच टाकायले देला होता ना?”

आणि टोपी घालून चालू लागले.

आज दुपारी धुळ्याच्या पोस्टात रांगेत उभा आहे. माझ्यापुढे चार माणसं आहेत आणि त्यांच्या पाठीमागे उभ्या उभ्या सायकलच्या सीटच्या खोक्यावर कागद ठेवून हे शेवटचं पान लिहितो आहे. मोठ्या पाकिटात तुझा लिफाफा आणि हे पत्र. नागपूरला मी थेट पाठवू शकलो असतो. पण तुला न विचारता मी तीन गोष्टी केल्या, चौथी करणार नाही. कुठे पाठवायचा, पाठवायचा की नाही, ते तू बघ. पावती मी जपून ठेवीन.

आता त्या चुकीबद्दल. छापखान्यात तक्ता जुळवला, की प्रूफ काढण्याआधी जुळारी आकड्यांची बेरीज करून बघतो, एखादा खिळा उलटसुलट बसला असेल तर कळावं म्हणून. हात आपोआप करतो. तुझ्या तिसऱ्या तक्त्याची बेरीज मी केली तेव्हा ती जुळेना. मला वाटलं माझा खिळा चुकला. तुझ्या प्रतीशी ताडून पाहिलं. खिळे बरोबर होते.

तिसऱ्या मळ्यातली करपा पडलेली पानं, महिन्याच्या महिन्याला: अडतीस, बावन्न, एकसष्ट, एकोणपन्नास, एक्केचाळीस. तू एकूण दोनशे चौदा लिहिलं आहेस. होतात दोनशे एक्केचाळीस. पहिल्या मळ्यात दोनशे अडुसष्ट, दुसऱ्यात दोनशे एकोणतीस. म्हणजे पाण्याच्या पाळ्या मळ्यागणिक लांबवल्या की करपा कमी होत जातो, हे तुझं म्हणणं पहिल्या दोन मळ्यांत बसतं, तिसऱ्यात बसत नाही. नागपूरवाल्यांनी हंगाम कमी पडतो म्हटलं, पण ही बेरीज त्यांच्याही नजरेतून सुटली. दिवाळीच्याही आधीपासून हे मला एकट्याला माहीत होतं. सांगितलं असतं तर तू पुन्हा रडली असतीस, आणि मग पेन्सिल घेऊन बसली असतीस, आणि तो चेहरा माझ्यामुळे झाला असता. एवढं मला तेव्हा कळलं नाही. मला वाटलं, चूक न सांगणं म्हणजे जपणं.

लिफाफ्यात दुसऱ्या हंगामाचे आकडे आहेत. ते काय म्हणतात मला माहीत नाही. पण पहिल्या हंगामाचा तक्ता तू तसाच उतरवला असशील तर बेरीज तिथेही चुकलेली असेल. नागपूरला पाठवण्याआधी उघडून बघ.

पुढचा माणूस सरकला. मी आता खिडकीशी आहे.

लोटन